व्हॉल्व्हचं वाह पेडल बनवलं, पण जीव काढला तो कॉइलने

मागच्या भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो, इथेच इंदूरमध्ये, सुदामानगरला. ओवाळून झालं, ताटात ओवाळणी टाकली, तर भाचा मधेच म्हणतो, "मामा, आईला दिलंस, आता मला पण दे. मला व्हॉल्व्हचं वाह पाहिजे."

भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवतो, आणि वर्षभरापूर्वी मी त्याला ईएल८४ व्हॉल्व्हवाला छोटा अँप बनवून दिला तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की जे जे व्हॉल्व्हचं ते ते भारी (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधी रेडिओत असायची ती काचेची ट्यूब). मी पोलोग्राउंडला पॅनल आणि ड्राइव्ह रिपेअरिंगचं काम करतो, व्हॉल्व्ह रेडिओ हा रविवारचा नाद. चकली तोंडात होती, नाही म्हणायचं राहून गेलं. होळीच्या आधी कॉलेजचा फेस्ट होता, तोपर्यंत द्यायचं असं ठरलं, आणि मला वाटलं चार रविवारांचं काम आहे. ते पुढे कसं लांबलं ते सगळं लिहून ठेवतोय कारण यातल्या निम्म्या चुका मी दुसऱ्यांना करू नका म्हणून सांगत असतो.

वाह म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तोंडाने सावकाश "वाऽऽ" म्हणून बघा, ओठ बंदपासून उघडे होताना आवाज जसा बदलतो तसंच पायाने गिटारच्या आवाजाचं करायचं. एक फिल्टर असतो, तो एका ठिकाणच्या फ्रिक्वेन्सीला उचलतो, आणि ती जागा पेडल दाबून खालीवर सरकवायची, बास. हे १९६६ मध्ये अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीत सापडलं, ब्रॅड प्लंकेट नावाचा इंजिनीअर व्हॉक्सच्या अँपमधला मिडरेंजचा महागडा स्विच काढून तिथे स्वस्तातला पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) लावायच्या खटपटीत होता आणि पॉट फिरवताना हा आवाज निघाला. १९६७ मध्ये पेडल बाजारात आलं, त्यावर क्लाइड मॅकॉय या ट्रंपेटवाल्याचं नाव, कारण ट्रंपेटच्या तोंडाशी म्यूट हलवून असाच आवाज काढण्यासाठी तो प्रसिद्ध होता. पण मुद्दा असा की ते अँपसुद्धा ट्रान्झिस्टरचं होतं आणि ते पेडल पण दोन ट्रान्झिस्टरचं. म्हणजे मूळ वाहमध्ये व्हॉल्व्ह कधी नव्हताच! मी भाच्याला हे सांगितलं तर म्हणे, "मग तर आपलं अजूनच वेगळं होईल ना." यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आता सर्किट. नवीन काही शोधायचं नाही असं आधीच ठरवलं, जुन्या वाहचाच सांगाडा घ्यायचा आणि दोन ट्रान्झिस्टरच्या जागी एका ईसीसी८३ चे दोन ट्रायोड, म्हणजे एकाच काचेतले दोन वेगळे व्हॉल्व्ह, बसवायचे (ईसीसी८३ लाच अमेरिकन लोक १२एएक्स७ म्हणतात). सांगाडा असा आहे की ग्रिडवर (व्हॉल्व्हचं सिग्नल आत घेणारं टोक) अर्ध्या हेन्रीची कॉइल लटकते, तिला समांतर एक ३३ के (किलोओहम) चा रेझिस्टर, गिटारचा सिग्नल ६८ के मधून तिथे येतो आणि १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर. अर्धा हेन्री आणि १० नॅनो, रेझोनन्स, म्हणजे फिल्टर जिथे उचलतो ती जागा, निघतो साधारण २२५० हर्ट्झ, हा झाला पंजा पूर्ण दाबल्यावरचा "आ". पण खाली चारशेपर्यंत यायचं तर कपॅसिटर तीसेक पट मोठा हवा आणि पायाने कपॅसिटर मोठा कसा करणार? इथेच खरी गंमत आहे. कपॅसिटरचं एक टोक ग्रिडला, दुसरं टोक ग्राउंडला न लावता व्हॉल्व्हने मोठा आणि उलटा केलेल्या सिग्नलला लावायचं. ग्रिड एक व्होल्ट वर गेली की दुसरं टोक तीस व्होल्ट खाली जातं, बिचाऱ्या कपॅसिटरला एकतीस व्होल्टचा फरक दिसतो आणि तो एकतीस पट मोठा असल्यासारखा वागतो. मधे पॉट टाकला की किती सिग्नल परत पाठवायचा ते पायाच्या हातात (हे वाक्य कसं झालंय बघा, पण राहू दे). पहिला ट्रायोड गेनसाठी, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा त्यासाठी, दुसरा कॅथोड फॉलोअर, म्हणजे फक्त पॉटच्या मागे उभा राहून कपॅसिटरला ढकलणारा हमाल.

म्हणजे या सर्किटमध्ये गेन हा आवाज मोठा करायला नसून फिल्टर किती खाली उतरेल ते ठरवायला आहे. हे मला कागदावर कळलं होतं, कानाला कळायला बरेच दिवस गेले.

पार्ट्सचं म्हणाल तर रेझिस्टर, पॉट, फूटस्विच, जॅक हे सगळं जेल रोडला मिळालं, रबरी ग्रोमेट आणि स्क्रू सियागंजला. व्हॉल्व्हचं नाव काढलं की मात्र दुकानदार हसतात, एक जण म्हणाला, "भिया, वो तो अब अजायबघर में मिलेगा." पण आमच्या ओळखीचे एक रेडिओवाले काका आहेत, सत्तरी पार केलेले, दुकान कधीच बंद केलंय पण घराच्या माडीवर अजून मर्फी आणि फिलिप्सचे सांगाडे पडलेत. त्यांच्याकडून तीन ईसीसी८३ मिळाले, पैसे घेईनात, शेवटी पाव किलो लवंगी शेव दिली तेव्हा घेतली. वर म्हणाले, "अरे हे पण ने, चांगला माल आहे," आणि मूठभर जुने पेपर कपॅसिटर खिशात कोंबले. त्यातला एक पुढे मला नडला, येईलच ते. पेडलचा सांगाडा म्हणजे एक मेलेलं स्वस्तातलं वाह, भाच्याच्या मित्राकडून घेतलं, आतलं बोर्ड काढून फेकलं, ओतीव ॲल्युमिनियमची बॉडी, दात्यांची पट्टी आणि १०० के चा पॉट तेवढा ठेवला.

पहिली मोठी चूक सप्लायमध्ये केली. पायाखालच्या पेडलमध्ये २३० व्होल्ट आणायचे नाहीत हे पक्कं होतं, त्यावर तडजोड नाही, पावसाळ्यात ओल्या चपला घालून पोरं स्टेजवर चढतात. म्हणून भिंतीवर १२ व्होल्ट एसीचा ॲडाप्टर आणि पेडलच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा लावला, १२ घालायचे, वर दोनशेच्या घरात काढायचे आणि रेक्टिफाय करायचे. जुनी युक्ती आहे, रेडिओच्या टेस्टिंगला मी नेहमी वापरतो. कॉइल म्हणून एका जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर लावला, त्याचं एक वाइंडिंग अर्ध्या हेन्रीच्या आसपास मोजलं गेलं होतं. सगळं आधी लाकडी पाटीवर जोडलं, चाललं, आवाज "वा वा" करत होता, मी खुश. मग तेच बॉडीत कोंबलं, अँप लावला आणि मधमाश्यांचं पोळं!

गुणगुण म्हणजे साधी नाही. टाच खाली केली की जाड घूंऽऽ, पंजा दाबला की बारीक झींऽऽ. दोन संध्याकाळी मी फिल्टर कपॅसिटर वाढवत बसलो, ग्राउंडच्या वायरी हलवल्या, फिलामेंट (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) डीसीवर नेलं, काही फरक नाही. हाच माझा पॅनलवाला स्वभाव, हम म्हटलं की सप्लाय आणि ग्राउंडकडे हात जातो. मग एकदा लक्षात आलं की गुणगुणीचा सूर पेडलबरोबर बदलतोय, म्हणजे ती फिल्टरच्या आधीच कुठेतरी घुसतेय. गिटारचा जॅक काढून इनपुट शॉर्ट केला, तरी आहेच. उरलं कोण, कॉइल. तिचे पाय सोडवले, लांब वायरवर घेतली आणि हातात धरून फिरवायला लागलो तर काय, हात फिरतोय तसा हम कमी जास्त, एका कोनाला जवळजवळ गायब, पाव वळण दिलं की परत पोळं. ट्रान्सफॉर्मरचं मॅग्नेटिक फील्ड सरळ कॉइलमध्ये शिरत होतं. उघड्या पट्ट्यांच्या कोअरवर हजारो वेटोळे म्हणजे ती काय, अँटेनाच की, आणि मी ती ट्रान्सफॉर्मरपासून चार बोटांवर ठेवली होती.

हे मला आधी कळायला पाहिजे होतं, बावीस वर्षं हेच काम करतोय. असो.

कोन जुळवून तिथेच चिकटवून टाकावं असा मोह झाला, पण पेडल सारखं लाथा खाणार, आणि स्टेजवर शेजारी दुसऱ्या कुणाचा ॲडाप्टर ठेवला की परत तेच. म्हणून दोन्ही बदललं. ट्रान्सफॉर्मर काढला, त्याच्या जागी १२ व्होल्ट डीसीवरून चढवून देणारं छोटं बूस्ट मॉड्यूल, निक्सीच्या (काचेच्या नळीत आकडे उजळतात त्या) घड्याळांसाठी ऑनलाइन मिळतं ते. ते इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतं की कानाला ऐकू येत नाही, तरी पत्र्याच्या डबीत बंद करून कॉइलपासून लांब, टाचेच्या बाजूला ठेवलं. मॉड्यूल २१५ ला सेट केलं, पुढे १० के आणि २२ मायक्रोफॅरडचा फिल्टर, त्यानंतर १९० व्होल्ट उरतात, व्हॉल्व्हला पुष्कळ झाले. फिलामेंट पिन ४ आणि ५ वर सिरीजमध्ये, थेट त्याच १२ व्होल्टवर, १५० मिलिअँपिअर. पूर्ण पेडलला एक साधा १ अँपिअरचा ॲडाप्टर पुरतो.

आणि एक गोष्ट, १९० व्होल्ट म्हणजे खेळ नाही. त्या २२ मायक्रोच्या डोक्यावर २२० के चा ब्लीडर, म्हणजे साठलेलं व्होल्टेज उतरवणारा रेझिस्टर, लावलाय, ॲडाप्टर काढल्यावर पंधरा-वीस सेकंदांत व्होल्टेज दहाच्या खाली येतं, तरीही झाकण उघडलं की आधी मीटर लावायचा आणि एक हात खिशात. भाच्याला हे तीनदा म्हणायला लावलं.

आता कॉइल. तयार वाहच्या कॉइल बाहेरून मागवता येतात पण महाग, आणि मला हट्टाने स्वतःची गुंडाळायची होती. कबाड्याकडे जुन्या बोर्डांच्या ढिगात फेराइटचा एक पॉट कोअर सापडला, कुंकवाच्या करंड्यासारखा गोल, दोन अर्धे एकमेकांवर बसतात आणि वेटोळे आत बंद, त्यामुळे बाहेरचं फील्ड आत शिरत नाही. कोअरवर नंबर पुसलेला, मग आधी ५० वेटोळे मारून मोजलं, ५ मिलिहेन्री. इंडक्टन्स वेटोळ्यांच्या वर्गाने वाढतो, दहापट वेटोळे म्हणजे शंभरपट हेन्री, म्हणजे ५०० वेटोळ्यांना ५०० मिलिहेन्री. इतकं सरळ उत्तर आलं की मला संशयच आला, परत मोजलं, तेच.

पाचशे वेटोळे हाताने मारायचे, ४० गेजची तार, केसापेक्षा थोडी जाड, आणि मधे कुणी हाक मारली की आकडा गेला. दोनदा गेला. दुसऱ्यांदा मी वैतागून काहीतरी बोललो ते देवघरात आईला ऐकू गेलं, ती जपमाळ घेऊनच बाहेर आली आणि समोर बसली, म्हणाली, "तू गुंडाळ, मी मोजते." एक वेटोळा, एक मणी. एक माळ म्हणजे १०८, चार माळा म्हणजे ४३२, आणि वर ६८ मणी. तिचा हात इतका एकसारखा चालतो की मलाच तिच्या वेगाने गुंडाळावं लागलं, तार पण त्यामुळे जास्त सारखी बसली. मधे दूधवाला आला, तिने मण्यावर बोट तसंच धरून ठेवलं, पैसे मी दिले, परत सुरू. शेवटी विचारते, "हे नामस्मरणात धरायचं का रे?" मी म्हटलं धर.

दोन अर्धे बंद करून मोजलं तर ४१० मिलिहेन्री. डोकं धरलं, आईकडे बघायची हिंमत होईना, पण तिचं काही चुकलं नव्हतं. दोन अर्ध्यांच्या मधे धूळ होती, जुन्या गोंदाचा पातळ थर पण होता, आणि या कोअरमध्ये केसाएवढी फट राहिली तरी इंडक्टन्स धाडकन पडतो. स्पिरिटने तोंडं पुसली, मधून पितळी स्क्रू घालून हलकं आवळलं, ५०३. तारेचा रेझिस्टन्स २७ ओहम. बॉडीत बसवली, अँप चालू केला आणि शांतता, इतकी की मी जॅक नीट बसलाय का ते बघितलं.

पुढचा घोळ गेनचा. कॅथोडला (व्हॉल्व्हचं ग्राउंडकडचं टोक) नेहमीचा १.५ के आणि त्यावर २२ मायक्रोचा बायपास कपॅसिटर, रेडिओत असतो तसा. प्लेटला (मोठा झालेला सिग्नल निघतो ते टोक) १०० के चा लोड, त्याला समांतर वाहचा १०० के चा पॉट आणि आउटपुटचा डिव्हायडर (सिग्नल लहान करणारे दोन रेझिस्टर), सगळं धरून गेन साधारण बेचाळीस येतो, म्हणजे टाचेवर फिल्टर ३४० हर्ट्झच्या आसपास उतरतो. कागदावर काय, ३४० काय आणि ४०० काय. पण वाजवलं तर टाचेकडचा सगळा भाग घोंगडीखाली, "वा" च्या आधी लांबलचक "ऊंऽऽ", भाचा म्हणाला, "मामा, हे जेवून सुस्तावल्यासारखं वाजतंय." बायपास कपॅसिटर काढून टाकला तर गेन सतरा-अठरावर पडला, टाच सव्वापाचशेला अडकली, आता आवाज नुसताच कर्कश, खालचा घसा गायब. शेवटी कॅथोडचा रेझिस्टर तोडून दोन केले, १ के ला बायपास आणि त्याच्या वर ४७० ओहम उघडा. गेन तीसच्या जवळ, टाच चारशेच्या थोडी वर. तिथे ते बोलायला लागलं. हा ४७० ओहम चार आण्याची वस्तू आहे पण माझ्या मते पूर्ण पेडलमध्ये व्हॉल्व्हपेक्षा जास्त काम तोच करतो.

फक्त एक, नवीन कॉइल जुनीपेक्षा जास्त स्वच्छ होती, तिचा स्वतःचा लॉस कमी, म्हणून शिखर टोकदार झालं आणि मधल्या एका जागी शिट्टीसारखं टोचायला लागलं. समांतरचा ३३ के काढून २२, २७, ३३, ३९ असे मगरी क्लिपने लावून भाच्याला डोळे मिटून ऐकायला लावलं, आकडे न सांगता. तीनही वेळा त्याने २७ निवडला. २७ ने आवाज जरा पडला, म्हणून आउटपुट डिव्हायडरमध्ये ४७० के च्या खाली ४७ के होता तो ५६ के केला. या डिव्हायडरशिवाय चालत नाही, कारण फिल्टरच्या शिखरावर सिग्नल आठ-नऊ पट मोठा होतो, तसाच अँपला दिला तर अँपच रडेल.

मग खरखर. आठवडाभर सगळं छान आणि एका संध्याकाळी पेडल हलवलं की वाळूवर चप्पल घासल्यासारखा आवाज. मी पॉटला दोष दिला, स्प्रे मारला, दोन दिवस बरं वाटलं, परत खरखर. पॉटच्या दोन टोकांना मीटर लावला तर काही व्होल्ट डीसी! तिथे शून्य पाहिजे, कारण प्लेट आणि पॉट यांच्या मधे कपॅसिटर आहे. तोच काकांनी प्रेमाने खिशात कोंबलेला पेपर कपॅसिटर, पन्नास वर्षांनी गळका झालेला, प्लेटवरच्या १२० व्होल्टमधले थोडे थोडे पलीकडे सोडत होता आणि पॉटमधून डीसी वाहिला की तो हलवताना खरखरतोच. ६३० व्होल्टचा नवीन फिल्म कपॅसिटर लावला, खरखर संपली. काकांना सांगितलं नाही. (दुसऱ्याचा जुना रेडिओ दुरुस्त करताना मी पहिल्यांदा हेच कपॅसिटर बदलतो. स्वतःच्या कामात मात्र "चांगला माल आहे" ऐकलं की संपलं.)

व्हॉल्व्ह आडवा बसवलाय, बॉडीची उंची पुरत नाही. टाच टेकवली की टण्ण आवाज यायचा, काचेच्या आतले इलेक्ट्रोड हलतात आणि तो कंप सिग्नल बनतो. तिन्ही व्हॉल्व्ह एकेक लावून पेन्सिलीने टकटक करून बघितले, सगळ्यात कमी बोलणारा ठेवला, सॉकेट रबरी ग्रोमेटवर, वायरी सैल, काचेवर दोन रबरी रिंगा. टण्ण चा टक झाला, गाणं चालू असताना ऐकू येत नाही. बाजूला सहा भोकं पाडली हवेसाठी, त्यातून व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड दिसतो, आणि खरं सांगू, भाच्याला पेडलमधली सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे.

कारण पहिल्यांदा पूर्ण तयार पेडल वाजवलं तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. मित्राचं नऊ व्होल्टवालं ट्रान्झिस्टर वाह शेजारी ठेवून, पाय आलटून पालटून, अर्धा तास वाजवलं आणि मग हळूच म्हणाला, "मामा, हे खूप साफ आहे." बरोबरच होतं. ट्यूब म्हणजे गरम, जाडसर, थोडं फाटलेलं असं पोरांच्या डोक्यात बसलंय, पण ते अँपला पिळल्यावर. इथे १९० व्होल्टच्या मैदानात गिटारचा सिग्नल जास्तीत जास्त दहा व्होल्टची उडी मारतो, फाटेल कशाला? नऊ व्होल्टवाल्या ट्रान्झिस्टरची मात्र तेवढ्यात भिंत लागते आणि जुन्या वाहचा तो ओरखडा तिथूनच येतो. म्हणजे ज्या कारणासाठी त्याला व्हॉल्व्ह हवा होता ते कारण व्हॉल्व्हने पूर्ण केलंच नाही.

मी प्लेट व्होल्टेज खाली आणून बघितलं, साठ-सत्तर व्होल्टवर थोडा ओरखडा आला पण गेन पण पडला आणि टाच परत वर सरकली. सोडून दिलं. मग त्याने आपणहून फझ (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) आधी लावला आणि नंतर वाह, आणि तिथे चित्र उलटलं. फझचा मोठा सिग्नल आत गेला की ट्रान्झिस्टरवालं चोंदतं, सर्दी झाल्यासारखं, आमचं मात्र मोकळं राहतं, प्रत्येक "वा" वेगळी ऐकू येते. त्या दिवशी तो नऊ वाजेपर्यंत थांबला, ताईचे तीन फोन येऊन गेले.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. गिटारला नुसत्या ६८ के वर टाकलं की पिकअप दबतो, वरची चमक जाते. ६८ वाढवावा तर शिट्टी परत येते, कारण फिल्टरची धार त्याच रेझिस्टरवर अवलंबून आहे, आणि तिसऱ्या ट्रायोडसाठी बॉडीत जागा नाही. म्हणून इनपुटला एका जेएफईटीचा (हा पण एक ट्रान्झिस्टरच) छोटा बफर टाकलाय, पिकअपवर भार येऊ न देणारा, १ मेगओहमचा, त्याच १२ व्होल्टवर, झाकणाच्या कोपऱ्यात हीटश्रिंकमध्ये गुंडाळून. पूर्ण व्हॉल्व्ह, एकही सेमीकंडक्टर नाही, असं भाचा सगळ्यांना सांगत फिरत होता आणि मी गप्प होतो (बूस्ट मॉड्यूलमध्ये पण मॉस्फेट, म्हणजे ट्रान्झिस्टरच आहे, पण ते तो सप्लाय म्हणून सोडून देतो). फेस्टच्या आदल्या दिवशी सांगितलं. पाच मिनिटं तोंड फुगवलं. मग मी बफर काढून वाजवून दाखवलं, तर म्हणाला, "लाव परत, पण कुणाला सांगू नको."

खर्च साडेचार हजारांच्या आत, त्यात सगळ्यात महाग बूस्ट मॉड्यूल आणि फूटस्विच. वेळ धरला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जवळजवळ सगळे रविवार. फेस्टला पेडल दोन गाण्यांना वाजलं, दुसऱ्या गाण्यात ड्रमरच्या बाजूच्या लाइटच्या डिमरमुळे थोडी झींऽऽ आली होती, पण ती गिटारच्या पिकअपमधून येत होती, पेडलमधून नाही, मी तिथेच केबल काढून खात्री केली, स्वयंसेवकाने हटकलं तरी.

आता त्याच्या बँडच्या दुसऱ्या पोराला पण एक हवंय. मी कबाड्याकडे दोनदा जाऊन आलो, तसला कोअर परत मिळाला नाही. आई विचारत असते, पुढची कॉइल कधी गुंडाळायची.